केड्स कोव्हचीं ओस घरें

अमेरिकेच्या पूर्व भागांत अॅपलेशियन नांवाची डोंगरांची एक लांबच लांब ओळ आहे. तिच्या दक्षिण टोंकाकडे, टेनेसी व उत्तर कॅरोलिना या दोन राज्यांच्या सीमेवर, 'ग्रेट स्मोकी माउंटन्स' या नांवाचा प्रदेश लागतो. या डोंगरांस धुराचें नांव कां मिळालें, हें तेथें पहाटे उठून पाहिल्यावांचून समजावयाचें नाहीं. एकीमागें एक अशा सात-आठ रांगा दिसतात. जवळची हिरवी, तिच्या मागची निळी, त्याही मागची करडी, आणि प्रत्येक दोन रांगांच्या मध्यें निळसर वाफेचा पडदा सोडलेला. कोठें वणवा नाहीं कीं चूल पेटलेली नाहीं. असंख्य झाडें आपल्या पानांतून जे सूक्ष्म वायु सोडतात त्यांच्यामुळें ही निळाई उत्पन्न होते, असें शास्त्रज्ञ सांगतात. येथील सर्वांत उंच शिखर ६,६४३ फूट आहे. त्याचें मूळचें चेरोकी नांव 'कुवोही' हें २०२४ सालीं सरकारनें त्यास परत दिलें.

हा सव्वापांच लक्ष एकरांच्या आंतबाहेरचा मुलूख १९३४ सालापासून राष्ट्रीय उद्यान आहे. वर्षाकांठीं एक कोटि वीस लाखांच्या सुमारास लोक येथें येतात; अमेरिकेंतील दुसऱ्या कोणत्याही राष्ट्रीय उद्यानास एवढी गर्दी लोटत नाहीं. बहुतेकजण अस्वलें, धबधबे आणि शरदांतील रंगीत पानें पाहावयास येतात. आम्ही उभयतां मात्र मुख्यतः घरें पाहावयास गेलों होतों. उद्यानाच्या हद्दींत जुनीं घरें, कोठारें, गिरण्या, शाळा व प्रार्थनामंदिरें मिळून नव्वदांहून अधिक इमारती जतन करून ठेविल्या आहेत, हें आमच्या तिकडील जांवयांनीं अनेकदां कळविलें होतें. राष्ट्रीय उद्यान म्हणजे अरण्य अशी आमची समजूत. मग अरण्यांत धान्याचीं कोठारें आणि गोठे कोणाचे? आणि ज्यांचे ते होते तीं माणसें कोठें गेलीं? हा प्रश्न बरोबर घेऊनच आम्ही निघालों.

या घरांचा मोठा समूह 'केड्स कोव्ह' येथें आहे. चोहोंकडून डोंगरांनीं वेढलेल्या सपाट खोऱ्यास तिकडे कोव्ह म्हणतात. खोऱ्याच्या तळाशीं चुनखडीचा खडक आहे व त्यामुळें माती मोठी सकस. भोंवतालच्या उतारांवर जें पिकत नाहीं तें येथें पिकत असे. खोऱ्याभोंवतीं ११ मैलांचा एकेरी रस्ता आहे. एकदां आंत शिरलें कीं मागें फिरावयाची सोय नाहीं, आणि पुढच्या मोटारवाल्यास दूरवर एखादें अस्वल दिसलें कीं मागच्या पन्नास मोटारी उभ्या राहतात! उन्हाळ्यांतल्या बुधवारीं या रस्त्यावर मोटारींस बंदी असते. तो दिवस सायकलवाल्यांचा व पायीं चालणारांचा. अकरा मैल चालण्याची आमची उमेद आतां राहिली नसल्यामुळें आम्ही सप्टेंबरांतील एका गुरुवारीं, उजाडतां उजाडतां, मोटारीनेंच गेलों. उद्यानांत शिरण्यास पैसे पडत नाहींत. मात्र २०२३ सालापासून पाव तासाहून अधिक वेळ मोटार कोठेंही उभी करावयाची तर पांच डॉलरांची चिठ्ठी घ्यावी लागते.

प्रथम दृष्टीस पडतात तीं कुरणें. धुकें अजून जमिनीलगत होतें आणि त्यांतून हरणांचे कान तेवढे वर दिसत होते. हा देखावा पाहून सृष्टीनें आपण होऊन तो मांडला आहे असें कोणासही वाटावें. पण तसें नाहीं. माणसाचा हात काढून घेतला तर पंचवीस-तीस वर्षांत हें सर्व खोरें रानानें गिळून टाकील. हीं मोकळीं मैदानें शेतकऱ्यांनीं झाडें तोडून केलेलीं, आणि आतां उद्यानाचे नोकर गवत कापून व ठरावीक वेळीं जाळून तीं मोकळीं राखतात. अरण्यांत शेताचा देखावा नोकर ठेवून राखावा लागतो, ही गोष्ट आम्हांस मोठी चमत्कारिक वाटली.

रस्त्यापासून थोडें आंत, झाडीच्या कडेस, जॉन ऑलिव्हर याचें घर आहे. १८१२ च्या इंग्रज-अमेरिकन युद्धांत शिपाईगिरी केलेला हा मनुष्य १८१८ सालीं पत्नी ल्युक्रिशिया व तान्ही मुलगी यांसह डोंगर ओलांडून या खोऱ्यांत उतरला. या ठिकाणीं येऊन कायम राहिलेलें गोऱ्यांचें हें पहिलें कुटुंब. हिंवाळा तोंडावर आलेला, पेरणीचे दिवस निघून गेलेले, जवळ सांठा नाहीं. त्या पहिल्या हिंवाळ्यांत चेरोकी लोकांनीं वाळविलेला भोपळा आणून दिला, त्यावर हीं माणसें जगलीं, असें त्यांच्या वंशांत सांगत आले आहेत. त्या वेळचें खोपट केव्हांच गेलें. आज आहे तें त्यानंतर बांधलेलें.

घराची बांधणी पाहण्यासारखी आहे. ओंडके कुऱ्हाडीनें दोन अंगांनीं तासून सपाट केलेले, आणि कोपऱ्यांत एकमेकांत बसतील अशा तिरप्या खांचा पाडलेल्या. भिंतींना खिळा नाहीं. वरच्या ओंडक्याच्या भारानें खालचा आपल्या जागीं दाबून बसतो, आणि घर जसजसें जुनें होतें तसतसें अधिकच घट्ट होतें. फटी चिखलानें लिंपलेल्या. छप्पर लांकडाच्या हातानें फोडलेल्या पातळ फळकुटांचें. आंत एकच खोली, तिच्यावर माळा, आणि एका भिंतीस दगडी धुराडें. याच एका चुलाण्यावर स्वयंपाक, त्याच्याच उजेडांत सूत कांतणें, त्याच्याच उबेला बाळंतिणीचें अंथरूण. सौभाग्यवतींनीं आंत उभें राहून चोहोंकडे पाहिलें आणि "येथें मांडणी कोठें लावीत असतील?" एवढेंच विचारलें. खरोखरच फळी ठोकावयास जागा नव्हती.

चेरोकींच्या भोपळ्याची गोष्ट सांगणाऱ्यानें पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. ऑलिव्हर कुटुंब आलें तेव्हां हें खोरें कायद्यानें चेरोकींचेंच होतें. तें त्यांच्या हातून गेलें तें पुढील वर्षीं, १८१९ च्या तहानें. १८३८ सालीं तर अमेरिकन सरकारच्या सैन्यानें या लोकांस त्यांच्या मुलखांतून उठवून पश्चिमेस शेंकडों मैलांवर पिटाळून नेलें. वाटेंत हजारों माणसें मेलीं. थोडेसे डोंगरांत राहिले, त्यांचे वंशज आज उद्यानाच्या दक्षिणेस 'क्वाला' नांवाच्या आपल्या भूमींत आहेत. 'केड' हें नांवही एका चेरोकी नायकाचेंच असावें असें म्हणतात. म्हणजे ज्यांस आपण मूळचे रहिवासी म्हणून पाहावयास आलों, ते येथले दुसरे.

पुढें प्रार्थनामंदिरें लागतात. एवढ्याशा खोऱ्यांत तीन! 'प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट' हा सर्वांत जुना संघ १८२७ सालचा; त्याची सध्यांची इमारत १८८७ मधली. १८३९ सालीं या संघांत दुफळी झाली, कारण धर्मप्रचारक पाठवावे कीं नाहीं हा वाद. मेथॉडिस्टांचें मंदिर १९०२ सालीं एका लोहारकाम व सुतारकाम जाणणाऱ्या धर्मोपदेशकानें ११५ दिवसांत, ११५ डॉलरांत बांधलें असें सांगतात. त्यास पुढून दोन दारें आहेत. असे दोन दरवाजे पुरुष व बायका वेगळ्या बसविण्यासाठीं असत, पण येथील मंडळी मात्र वाटेल तशी मिसळून बसे. बांधणारानें दुसऱ्या कोठल्या मंदिराचा नमुना उचलला म्हणून दारें दोन झालीं, इतकेंच. अशा बिनउपयोगी दारांचा आम्हांस नेहमींच लोभ वाटतो.

बॅप्टिस्ट मंदिरामागें दफनभूमि आहे. जॉन व ल्युक्रिशिया तेथेंच आहेत. जवळच रसेल ग्रेगरी याची समाधि. अमेरिकेच्या यादवी युद्धांत हें खोरें बहुतांशीं उत्तरेच्या बाजूचें होतें, आणि दक्षिणेचे लुटारू डोंगरापलीकडून येऊन गुरें व धान्य नेत. ग्रेगरीनें गांवकऱ्यांस जमवून त्यांस एकदां पिटाळून लाविलें. पुढें १८६४ सालीं त्यांनीं येऊन त्याचा खून केला. कोणीं मारिलें हें त्याच्या दगडावर स्पष्ट कोरलें आहे.

याच ठिकाणीं एक वृद्ध बाई दोन लहान थडग्यांवर फुलें ठेवीत असलेल्या आम्हांस भेटल्या. नमस्कार झाले, कोठून आलां वगैरे झालें. आम्ही घरें पाहत हिंडत आहों असें ऐकल्यावर त्या हंसल्या व म्हणाल्या, "माझी आई येथेंच जन्मली. पण तिचें घर तुम्हांला दिसणार नाहीं. तें फळ्यांचें होतें, पांढरा रंग दिलेलें. खिडक्यांना कांचा होत्या. म्हणून पाडलें." आम्हांस वाटलें आपण चुकीचें ऐकलें. त्यांनीं कुरणाच्या एका बाजूस हात केला. तेथें कांहींच नव्हतें. "वसंतांत या," त्या म्हणाल्या, "डॅफोडिल फुललेले दिसतील. ते रानचे नव्हेत. ते जेथें ओळीनें फुलतात तेथें आमचें अंगण होतें."

हें बोलणें मनांत घेऊन आम्ही पुढें गेलों, आणि तेव्हांपासून प्रत्येक घराकडे जरा निराळ्या डोळ्यांनीं पाहूं लागलों.

जॉन ऑलिव्हरचा मुलगा एलायजा, त्याचें घर रस्त्यापासून अर्धा मैल आंत आहे. झाडींतली वाट, मध्यें एक ओढा. येथें नुसतें घर नसून सगळा शेतवाडा उभा आहे. पाण्याच्या उगमावर बांधलेलें झरागृह, ज्यांत वाहत्या थंड पाण्यांत दुधाचीं भांडीं ठेवीत, मांस धुरावून ठेवावयाची खोली, मक्याचें कोठार, ज्याच्या ओंडक्यांत वारा खेळावा म्हणून मुद्दाम फटी राखलेल्या, आणि गोठा. स्वयंपाकघर मागच्या अंगास स्वतंत्र जोडलेलें. पण आम्हांस सर्वांत आवडली ती पुढच्या पडवीच्या एका टोंकास भिंती घालून केलेली लहानशी खोली. तिला 'परक्याची खोली' म्हणत. डोंगरांत हिंडणारा कोणी वाटसरू रात्रीं येऊन थडकला तर त्यानें येथें निजावें. घरांतून वाट नाहीं, बाहेरूनच दार. म्हणजे पाहुण्याची सोय झाली आणि घरच्या लेकीसुनांस संकोचही नको. कोंकणांतल्या आमच्या आजोळीं ओटीवर उतरणाऱ्या वाटसरूंची आठवण आम्हां उभयतांस एकाच वेळीं झाली. त्या ओटीस मात्र भिंत नव्हती. थंडीचा हिशेब वेगळा.

या घरांचें पुष्कळसें लांकूड चेस्टनटचें आहे, आणि त्याची हकीकत ऐकण्याजोगी आहे. या डोंगरांत पूर्वीं चेस्टनटचे प्रचंड वृक्ष होते. लांकूड सरळ फुटणारें व न कुजणारें, म्हणून घरास तेंच, कुंपणास तेंच. फळें माणसें खात, डुकरें खात, आणि उरलेलीं पोत्यांत भरून बाजारांत नेलीं म्हणजे रोख पैसा हातीं येई. १९०४ सालीं न्यूयॉर्कमध्यें बाहेर देशाहून आलेली एक बुरशी या झाडांवर आढळली. ती पसरत पसरत १९२० नंतर येथवर आली, आणि १९४० च्या सुमारास या डोंगरांतला जवळजवळ प्रत्येक मोठा चेस्टनट उभ्या जागीं मेला होता. जुन्या मुळांतून अजून कोंवळे फुटवे येतात, थोडे वाढतात, आणि मरतात. तो वृक्ष पाहावयाचा तर या घरांच्या भिंतींतच.

खोऱ्याच्या पश्चिम टोंकास केबलची गिरणी आहे. जॉन केबल यानें १८७० च्या आगेंमागें ती बांधली. एका ओढ्याचें पाणी पुरेना म्हणून त्यानें दुसऱ्याचें त्यांत वळवून आणलें. लांकडी पन्हळींतून आलेलें पाणी उंच चाकाच्या माथ्यावर पडतें, चाक जड आवाज करीत फिरतें, आणि आंत जात्याची तळी-पाळू मक्याचें पीठ काढते. गिरणी आजही चालू आहे. पांढरी दाढी राखलेला एक गिरणीवाला पाळूवर हात ठेवून उभा होता. आम्हीं पिठास हात लावून पाहिला. तें कोमट होतें. "पाळू फार जोरानें फिरली तर पीठ करपतें," तो म्हणाला. घरच्या जात्यावर दळलेली स्त्री हें जाणतेच. आम्हीं एक पिशवी विकत घेतली आणि जांवयांच्या घरीं त्याच्या भाकरी केल्या. त्या थापतांना तुटतात, पण चवीस गोड लागतात.

गिरणीजवळ एक विचित्र आकाराचें कोठार आहे. खालीं ओंडक्यांच्या दोन लहान खोल्या आणि त्यांच्यावर त्यांच्या दुपटीहून मोठा माळा, चोहोंकडे बाहेर झुकलेला, जणूं लहान मुलानें वडिलांची पगडी घातली आहे. खालीं गुरें, गाड्या व अवजारें कोरडीं राहतात आणि वर गवत मावतें. पावसाच्या प्रदेशांत ही युक्ति फार सोयीची; टेनेसीच्या या भागांतील दोन जिल्ह्यांबाहेर अशीं कोठारें क्वचितच आढळतात. त्याच आवारांत ग्रेग-केबल यांचें दुमजली घर आहे. तें १८७९ सालचें, केबलच्या गिरणींतच करवतलेल्या फळ्यांचें. खोऱ्यांतलें फळ्यांचें पहिलें घर असें तेथें सांगतात. गिरणी मूळच्या जागीं आहे. भोंवतालच्या इतर इमारती मात्र दुसरीकडून उचलून आणून येथें मांडल्या आहेत.

फळ्यांचें पहिलें घर राखलें, मग दुसरें, दहावें, पन्नासावें कोठें गेलें? १९०० सालच्या खानेसुमारींत या खोऱ्यांत ७०८ माणसें होतीं, सव्वाशें कुटुंबें. आज रस्त्यावर दिसणारीं घरें दोन्ही हातांच्या बोटांवर मोजून पुरीं होतात. येथें उद्यानाचाच इतिहास सांगणें भाग आहे.

अमेरिकेच्या पश्चिमेकडील मोठीं उद्यानें सरकारच्या मोकळ्या जमिनींवर झालीं. स्मोकी पर्वतांत तसें नव्हतें. येथील प्रत्येक एकर कोणाच्या तरी मालकीचा होता. चार-पंचमांशांहून अधिक भाग लांकूड-कंपन्यांचा, आणि त्या कंपन्या डोंगरचे डोंगर बोडके करीत चालल्या होत्या. तें थांबविलें पाहिजे ही तळमळ खरीच होती. १९२६ सालीं अमेरिकन काँग्रेसनें उद्यानास संमति दिली, पण जमीन विकत घेऊन द्यावी राज्यांनीं. दोन्ही राज्यांनीं पैसे काढले, लोकांनीं वर्गणी दिली, शाळेंतल्या मुलांनीं आपले पैसे दिले, आणि जॉन रॉकफेलर धाकटे यांनीं आपल्या आईच्या नांवच्या निधींतून पन्नास लक्ष डॉलर दिले. उरलेली जमीन लहान शेतकऱ्यांची. सुमारें बाराशें जमीनमालकांस उठावें लागलें.

केड्स कोव्हच्या लोकांस आरंभीं सांगण्यांत आलें होतें कीं तुमच्या जमिनींस धक्का लागणार नाहीं. म्हणून त्यांनींही उद्यानाचें स्वागतच केलें. १९२७ सालीं टेनेसीच्या विधिमंडळानें सक्तीनें जमीन घेण्याचा अधिकार उद्यान-मंडळास दिला, तेव्हां रंग पालटला. उद्यानाचे पुढारी कर्नल चॅपमन हे नॉक्सव्हिलचे. त्यांनीं चाळीस मैलांच्या आंत येऊं नये अशी हातानें लिहिलेली पाटी लोकांनीं वाटेवर लाविली. नॉक्सव्हिलच चाळीस मैलांच्या आंत असल्यामुळें त्यांना घरीं राहणेंही कठीण व्हावें!

खरा झगडा केला तो जॉन डब्ल्यू. ऑलिव्हर यानें. पहिल्या जॉन ऑलिव्हरचा हा पणतू. खोऱ्यांत टपाल वांटणारा, आणि बॅप्टिस्ट संघाचा उपदेशक. १९२९ सालीं त्याच्यावर जमीन सोडण्याचा दावा झाला. त्यानें वकील दिला, आणि पहिल्यानें तो जिंकलाही. उद्यानास हें खोरें अवश्य आहे असें मध्यवर्ती सरकारनें म्हटलेलेंच नाहीं, असें कोर्टानें ठरविलें. त्यानंतर लवकरच तेथील मंत्र्यांनीं तें अवश्य असल्याचें जाहीर केलें, दुसरा दावा झाला, आणि त्यांत तो हरला. मग किंमतीबद्दल वर्षानुवर्षें अपिलें. अखेर कोर्टानें १७,००० डॉलर व त्यांवरील व्याज ठरविलें. १९३७ सालच्या नाताळच्या दिवशीं ऑलिव्हर यानें खोरें सोडलें. ११९ वर्षांपूर्वीं त्याचा पणजा हिंवाळ्याच्या तोंडींच येथें आला होता.

कांहीं म्हाताऱ्या माणसांस मरेपर्यंत राहण्याची परवानगी मिळाली; पण त्यांना लांकूड तोडावयाचें नाहीं, शिकार करावयाची नाहीं. शाळा १९४४ सालीं मिटली, टपालकचेरी १९४७ सालीं. पट्ट्यानें जमीन कसणारा शेवटचा रहिवासी १९९९ सालीं वारला.

आणि मग जतन. खोऱ्यास ऐतिहासिक म्हणावयाचें ठरलें तेव्हां कोणता इतिहास ठेवावा हा प्रश्न आला. ओंडक्यांचीं घरें ठेविलीं, कारण तीं जुन्या काळचीं दिसत. रंगवलेलीं, फळ्यांचीं, कांचेच्या तावदानांचीं बहुतेक घरें काढून टाकलीं, कारण तीं कोठल्याही शेतकऱ्याच्या घरासारखीं होतीं. परिणाम असा झाला आहे कीं येथें येणारा मनुष्य समजतो, हे लोक १९३० सालींही अंधाऱ्या खोपटांत, जगापासून तुटून राहत होते. त्यांना बाहेर काढलें तें बरेंच केलें. वस्तुतः या खोऱ्यांत १८३३ पासून टपाल येत होतें, आणि १८९० नंतरच्या दहा वर्षांत डॅन लॉसन व त्याच्या शेजाऱ्यांनीं स्वतः तारा ओढून मेरीव्हिल गांवापर्यंत टेलिफोन नेला होता. त्या वेळीं आपल्याकडे किती खेड्यांत टेलिफोन होता?

उद्यान झालें नसतें तर काय झालें असतें, हेंही आम्हीं आपणांशीं विचारून पाहिलें. डोंगर बोडके झाले असते. आणि खोरें? उद्यानाच्या बाहेर पाऊल टाकलें कीं पिजन फोर्ज गांव लागतें. तेथील दिव्यांचे फलक, पाळणे, मेणाचे पुतळे आणि मैलभर रांगेनें खानावळी पाहिल्या म्हणजे आम्हांस पुन्हां त्या धुक्यांतल्या कुरणांकडे पळून जावेंसें वाटलें. राखलें तें राखण्याजोगेंच होतें, आणि ज्यांनीं राखलें ते निष्ठेनें राखीत आहेत. परंतु त्या बाईंच्या आईच्या घरास एक पाटी तरी लावावयास काय हरकत होती? भिंत नसली तरी जागा आहे.

गिरणीपासून एका आडवाटेनें गेलें असतां हेन्री व्हाइटहेडचें घर लागतें. तें प्रत्येकीनें पाहावें. येथें दोन घरें पाठीशीं पाठ लावून उभीं आहेत. मागचें लहान, ओबडधोबड, धुराडें वेडेंवांकडें, नदीच्या दगडगोट्यांचें. मटिल्डा शील्ड्स नांवाच्या बाईस नवऱ्यानें टाकलें तेव्हां तिच्या भावांनीं तिला व तिच्या लहान मुलास घाईघाईनें तें बांधून दिलें. पुढें हेन्री व्हाइटहेड नांवाच्या विधुरानें तिच्याशीं लग्न केलें आणि १८९५-९६ च्या सुमारास जुन्या घरास लागून नवें उभारलें. त्याचे ओंडके करवतीनें चौकोनी कापलेले, इतके कीं दोहोंमध्यें नख शिरूं नये, आणि धुराडें विटांचें. आम्हीं पाहिलेल्या घरांत हें सर्वांत नीटनेटकें. जुनें घर त्यानें पाडलें नाहीं, हें आम्हांस विशेष वाटलें.

पुढचीं टिप्टन व शील्ड्स यांचीं घरें भर उन्हांत आम्हीं ओझरतींच पाहिलीं. दुसऱ्या दिवशीं मात्र मेटकाफ बॉटम्स येथून सुमारें दोन मैल पायीं चालून वॉकर बहिणींच्या घरीं गेलों, आणि आमच्या प्रवासांत तेंच सर्वांत लक्षांत राहिलें.

लिटल ग्रीनब्रायर नांवाच्या दरींत जॉन वॉकर याला सात मुली व चार मुलगे. अकराही मुलें वाढून मोठीं झालीं, ही त्या काळीं थोडी गोष्ट नव्हे. मुलगे लग्नें करून गेले. मुलींपैकीं एकीनेंच लग्न केलें. १९२१ सालीं वडील वारल्यावर उरलेल्या बहिणींनीं शेत, मेंढ्या, फळझाडें, माग व चरखा सर्व आपल्या हातीं घेतलें. लोंकर कातरावी, पिंजावी, कांतावी, विणावी, शिवावी. साखर, मीठ, कॉफी असल्या चार जिनसांखेरीज बाजारांत जावयाचें कारण नाहीं. भिंतींना वारा लागूं नये म्हणून वर्तमानपत्रांचीं पानें चिकटविलेलीं. उद्यान-मंडळानें जमीन मागितली. त्यांनीं नाहीं म्हटलें. १९४० सालच्या सप्टेंबरांत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनीं उद्यानाचा समर्पणसमारंभ केला त्या वेळींही हें शेत विकलें गेलें नव्हतें. अखेर ४,७५० डॉलर आणि मरेपर्यंत तेथेंच राहण्याचा हक्क, एवढ्यावर त्यांनीं तें दिलें. त्या वेळीं पांच बहिणी होत्या.

१९४६ सालीं 'सॅटर्डे ईव्हिनिंग पोस्ट'मध्यें त्यांच्याविषयीं लेख आला आणि लोकांची रीघ लागली. बहिणींनीं कोणास हांकलून लाविलें नाहीं. सफरचंदाच्या तळलेल्या करंज्या करून विकल्या, लहान विणकाम विकलें, आणि लुइझा कविता करी, त्या तिनें हातानें लिहून विकल्या. पण बहिणी एकेक करून कमी झाल्या. १९५३ सालीं दोघीच उरल्या, एक ८२ वर्षांची, दुसरी ७० ची. तेव्हां त्यांनीं उद्यानाच्या अधिकाऱ्यास पत्र लिहिलें कीं पाहुण्यांचें स्वागत आहे अशी जी पाटी वाटेवर आहे ती कृपा करून काढावी. आतां आमच्यानें काम करून पाहुणे सांभाळवत नाहींत. लुइझा सर्वांत शेवटीं, १९६४ च्या जुलैंत गेली.

माग नाहीं, मेंढ्या नाहींत, कुंपण नाहीं. घर, मक्याचें कोठार आणि झरागृह एवढींच उभीं आहेत, आणि रान अंगणाच्या कडेपर्यंत आलें आहे. सौभाग्यवती बराच वेळ दारांत उभ्या राहून चुलाण्याकडे पाहत होत्या. झरागृहांतलें पाणी स्वच्छ वाहत होतें, परंतु उकळल्यावांचून या डोंगरांतलें पाणी पिऊं नये असें सर्वत्र बजावतात. जाणाऱ्यानें आपलें पाणी बरोबर न्यावें. वाटेंत कांहीं मिळत नाहीं. आम्ही तिघे पडवींत बसून बाटलींतलें पाणी प्यालों, बरोबर नेलेल्या दशम्या खाल्ल्या, आणि ऊन उतरावयाच्या आंत परत फिरलों.